झबल्यातली पिल्लं

सेनेत्स, १८ फेब्रुवारी १९९१

रिमोचका,

अंडी निघाली. आता ती तुझी. विमानतळावरच्या त्या जाड्या शिपायाने खोक्यात काय आहे म्हणून तीनदा विचारलं. मी तीनदा सांगितलं, "लाव्याची अंडी आहेत, अंतराळात जायचीत." तर म्हणतो कसा, "बाई, सकाळीसकाळीच घेतलीत का?" मी म्हटलं, "घेतली असती तर तुझ्याशी इतक्या गोडीनं बोलले असते का?" मग सोडलं मेल्यानं.

आता नीट ऐक. आपली पद्धत विसरू नकोस. वर जे होईल ते मला खालीही करायचंय. वरच्या उबवणपेटीतली ऊब एका अंशाने उतरली तर कळव, मी माझ्या पेटीची उतरवीन. उड्डाणात अंडी थरथरतील, म्हणून मी माझी अंडी बटाट्याच्या ट्रकमधून त्रनावाच्या रस्त्यावर फिरवून आणणार आहे. तुमच्या रॉकेटपेक्षा तो रस्ता काही कमी नाही. दोन्हीकडे सगळं सारखं ठेवलं आणि तरीही पिल्लांत फरक पडला, तरच तो वजन नसल्यामुळे पडलेला फरक. नाहीतर तो आपल्या दोघींचा गलथानपणा.

माझं म्हणणं तुला पाठच आहे. शेपटीखालचा तो बटवा, मुगाएवढा असेल-नसेल. पिल्लाच्या रक्तातले पहारेकरी त्यातच तयार होतात. तो नीट वाढला नाही तर पिल्लू साध्या सर्दीनं मरतं. पण कवचात मुटकुळं करून बसलेल्या जिवाला आपण जमिनीवर आहोत की आभाळात, हे कळणार कुठून? बटवा आपल्या गतीनं वाढणारच. दहा वर्षं मी हे ओरडतेय आणि दहा वर्षं लोक माना हलवून हसतायत. आता आमच्या संचालकांनी, हावराननं, तोंडावर सांगितलंय, "व्लास्ता, ह्या वेळी जमलं नाही तर कळप बंद. पक्ष्यांना दाणा घालायला सरकारकडे पैसे नाहीत." ह्या लाव्यांच्या किती पिढ्या मी हाताखालून घालवल्यात, तुला माहीत आहे.

तेव्हा बाई, माझ्यापासून काही लपवू नकोस. वरची पिल्लं काकडली तर माझीही काकडतील. उपाशी राहिली तर माझीही उपाशी राहतील. मी पिंजऱ्यासमोर भोकाड पसरीन, पण ठेवीन.

तुझी,
व्लास्ता


मॉस्को, ६ मार्च १९९१

माझी गोडुली व्लास्तिंका,

गेली गं गेली! तुझी अंडी वर पोचली. दोन फुटली, बाकी सुखरूप. मी आग लागल्यासारखी रात्रंदिवस धावतेय, साखरेच्या रांगेत उभी राहायलाही वेळ नाही, त्यामुळे चहा बिनसाखरेचा आणि कंबर मात्र तशीच.

खाण्याची व्यवस्था ह्या वेळी माझ्याकडे आहे, माहीत आहे ना? पिल्लू अंड्यातून बाहेर आलं की वर ते तरंगत राहणार, पाय टेकायला काही नाही, दाण्यापर्यंत जाणार कसं? म्हणून मी त्यांच्यासाठी झबली शिवलीत. खरंच! माझ्या जुन्या फ्लॅनेलच्या गाउनची. पिल्लाला झबल्यात घालायचं, झबलं दाण्याच्या नळीसमोर पट्ट्यानं बांधायचं, चोच बरोबर दाण्यावर. आमच्या म्हाताऱ्यानं, संस्थाप्रमुखानं, हातात घेऊन पाहिलं आणि म्हणाला, "रिम्मा पाव्लोव्ना, ही चालली तर तुमचा विभाग राहील. नाही चालली तर घरी बसून नातवंडांची शिवा." मला नातवंडं नाहीत हे त्याला माहीत आहे, तरी बोलला. सध्या रोज कुणी ना कुणी परदेशी पाहुणा येतो, आमच्याकडे विकत घेण्यासारखं काय आहे ते बघतो आणि जातो. जे दाखवण्यासारखं नाही ते बंद होणार.

तू काळजी करू नकोस. पेटीची ऊब, ओल, हवा, सगळं रोज तारेनं कळवीन. तुझ्या बटव्याला माझा नमस्कार सांग.

तुझी,
रिम्मा


मॉस्को, २७ मार्च १९९१

व्लास्तिंका,

फुटली! पहिलं कवच फुटलं, मग एकामागून एक. वरून बोलणं झालं, आमच्या खोलीत सगळे टाळ्या वाजवत होते, म्हाताऱ्यानं माझ्या हाताचा मुका घेतला. सगळी पिल्लं झबल्यात आहेत. खाताहेत. तूही तुझ्या पिल्लांना पोटभर घाल, तशी तारही केलीय. चौथ्या दिवशी वरची पिल्लं मारून, टिकवायच्या औषधात बुडवून खाली आणायची आहेत, तूही तेव्हाच कर.

घाईत,
रिम्मा


सेनेत्स, ९ एप्रिल १९९१

अगं शहाणे,

तुझ्या झबल्यांना पदक मिळायला हवं! तुझी तार आली आणि मी पिंजऱ्यापाशी नाचले, चक्क नाचले, हावराननं दारातून पाहिलं आणि आल्या पावली परत गेला.

सगळं तू सांगितलंस तसं केलं. मध्ये तुमची पेटी थंडावल्याची तार आली ती रात्र मीही माझी पेटी उतरवून तिच्याजवळ ओव्हरकोट घालून बसले. पिल्लं निघाली, पोटभर दाणा घातला, चौथ्या दिवशी औषधात घातली. त्या वेळी मी दार आतून लावून घेते, तुला माहीत आहे.

मंत्रालयातून एकजण आला होता. त्याला बटवा समजावायला माझा अर्धा दिवस गेला. सगळं ऐकून तो म्हणाला, "म्हणजे बाई, उद्या वरती माणसाचं मूल जन्मलं तर ते आजारी पडेल का, एवढंच ना?" मी म्हटलं, "अहो, एवढंच! ह्याच एवढ्यासाठी दहा वर्षं चाललीयत." त्यालाही पटलं, मलाही बरं वाटलं.

आता वरची पिल्लं उघडशील तेव्हा आधी बटवा बघ आणि आधी मला सांग. म्हाताऱ्याच्या आधी.

तुझी,
व्लास्ता


मॉस्को, १४ जून १९९१

व्लास्तिंका,

हे पत्र मी तीनदा लिहून फाडलं. बसून वाच.

बटवा लहान आहे. तुझ्या पिल्लांचा आहे त्याच्या निम्माही नाही. एकाचा नाही, सगळ्यांचा. आत पहारेकऱ्यांची जी दाटी असायला हवी तीही विरळ. मी तुकडे कापून अर्धे तुला पाठवतेय, स्वतः बघ.

तुझं चुकलं होतं, राणी. बटव्याला कळतं. तुला वाईट वाटेल म्हणून मला वाईट वाटतंय, पण विचार कर, हे केवढं मोठं आहे! वर जन्मलेला जीव प्रतिकारशक्तीशिवाय जन्मतो, हे जगात पहिल्यांदा आपण दाखवतोय. आपण दोघी. लेख तयार आहे. माझ्या नावाखाली तुझं नाव आहे. सही करून लगेच पाठव, म्हातारा माझ्या डोक्यावर बसलाय.

रडू नकोस. रडलीस तर एकटी रडू नकोस, मला फोन कर, लाइन मिळाली तर.

तुझी,
रिम्मा


सेनेत्स, ५ जुलै १९९१

रिमोचका,

रडले. एकटीच. फोन लागला नाही.

तुकडे पाहिले. तू म्हणतेस तसंच आहे, त्यात खोट काढायला जागा नाही. सही करून पाठवली आहे. मंगळवारी उड्डाणांच्या समितीपुढे मी स्वतः उभी राहिले आणि म्हणाले, "सज्जनहो, मी दहा वर्षं चुकीचं बोलत होते." कुणीतरी पाण्याचा ग्लास पुढे केला. मग त्यांनी ठरवलं की वर जन्मलेला पक्षी टिकणार नसेल तर पुढच्या उड्डाणांना पक्षी पाठवण्यात अर्थ नाही. मासे पाठवणार आहेत. म्हणजे कळप बंद. वर्षभरात विकायचा. ब्रातिस्लावाच्या एका हॉटेलवाल्यानं आत्ताच विचारलंय, लावे भाजून छान लागतात म्हणे.

तरी एक गोष्ट माझ्या डोक्यातून जात नाही. मला एक अख्खं पिल्लू पाठव ना. नुसता बटवा नको, पोट, यकृत, सगळं. एवढा निम्मा बटवा का झाला, ते मला आतून बाहेरून बघायचंय. तुझ्यावर अविश्वास नाही गं, माझ्या मनाची समजूत म्हणून.

व्लास्ता


मॉस्को, १९ सप्टेंबर १९९१

माझी व्लास्तिंका,

उशीर झाला, पण तू बातम्या पाहिल्याच असशील. ऑगस्टात आमच्या रस्त्यावर रणगाडे होते. त्या तीन दिवसांत संस्थेची वीज गेली, शीतपेट्या बंद पडल्या, उरलेली पिल्लं खराब झाली. तुला पाठवायला काही उरलं नाही. मला स्वतःलाच इतका त्रास झाला.

पण एक चांगलं सांगते. आपला लेख छापून आला आणि अमेरिकेतून बोलावणं आलंय! मला! वर्षभराचं काम, पुढे वाढण्यासारखं. म्हातारा मला "आपल्या रिम्मा पाव्लोव्ना" म्हणायला लागलाय. तिकडे गेले की तुझ्यासाठी काहीतरी नक्की बघीन. तुझा कळप गेला तरी तुझा हात कुठे जातोय? असा हात जगात नाही.

मनाला लावून घेऊ नकोस. विज्ञानात असं होतं.

तुझी,
रिम्मा


सेनेत्स, १७ नोव्हेंबर १९९१

रिम्मा,

काल आम्ही ग्रोब गावाला भाजलेला हंस खायला गेलो होतो. तुमचे अर्कादी स्तेपानोविच ब्रातिस्लावाच्या प्रदर्शनासाठी आलेत, तेच उड्डाण-अभियंता, ज्यांनी वर आपली पेटी सांभाळली. हावरानला अंतराळवीराबरोबर फोटो हवा होता, म्हणून संस्थेच्या खर्चानं जेवण. टेबलावर भाजलेला हंस, लोक्शा म्हणजे चरबी लावलेल्या बटाट्याच्या गरम पोळ्या, नवी वाइन. मला त्यांच्या शेजारी बसवलं.

ते माझ्याकडे वळून म्हणाले, "तुम्हीच ना त्या पिल्लांच्या आई?"

मी म्हटलं, "हो, लोक तसंच म्हणतात."

तर तो एवढा थोराड माणूस काटा खाली ठेवून म्हणतो, "माफ करा हो बाई. मी खूप केलं. पण नाही खाल्लं त्यांनी."

मला वाटलं, वाइन चढली. "काय नाही खाल्लं?"

"दाणा. ती झबली सैल होती. पिल्लू पाय झाडायचं आणि आतल्याआत गरकन फिरायचं. शेपूट दाण्याकडे आणि तोंड झबल्यात. मी सरळ करायचो, ते परत फिरायचं. मग मी एकेकाला मुठीत धरायला लागलो. मुठीत धरलं की शांत व्हायचं बघा, चोचही उघडायचं. पण मला दुसरी शंभर कामं. सोडलं की पुन्हा तेच. एकाच्या पोटात दोन-चार दाणे गेले असतील. बाकीची तशीच राहिली, बिचारी."

मी विचारलं, "तुम्ही खाली सांगितलंत?"

"म्हणजे काय! पहिल्याच दिवशी. रिम्मा पाव्लोव्नांशीच बोललो मी. प्रयत्न करत राहा म्हणाल्या. आवाज रडवेला झाला होता त्यांचा." मग माझ्याकडे बघत म्हणाले, "तुम्हाला माहीत नव्हतं का?"

मी म्हटलं, "होतं, होतं. विसरले होते." काय करणार? पलीकडे हावरान ग्लास उंच धरून आपल्या दोन देशांच्या मैत्रीबद्दल बोलत होता. मी उठले, अंगणात गेले आणि हंसाचं सगळं जेवण भिंतीपाशी ओकले.

रिम्मा, उपाशी पिल्लाचा बटवा दोन दिवसांत आटायला लागतो, हे आपण दोघी एकाच बाकावर बसून शिकलो होतो! प्रश्न मला आला होता, उत्तर तू शेजारून कुजबुजली होतीस. तेव्हा मला माहीत नव्हतं असं म्हणू नकोस. तुझी वर उपाशी होती आणि तू मला लिहिलंस, पोटभर घाल. मी पोटभर घातलं. मग माझ्या धष्टपुष्ट पिल्लांशेजारी तुझी उपाशी पिल्लं ठेवून तू जगाला सांगितलंस, बघा, वजन नसल्यामुळे काय होतं ते. आणि खाली माझी सही.

शीतपेट्या बंद पडल्या म्हणे! रणगाड्यांवर ढकललंस. पिल्लाचं रिकामं पोट मी एका नजरेत ओळखलं असतं, म्हणून पाठवलं नाहीस.

केसानं गळा कापलास तू माझा. समितीपुढे मी उभी राहून स्वतःला खोटी म्हणाले, तुझ्या शब्दावर. दुसऱ्या कुणी असं केलं असतं तर मी त्याच्या दारात जाऊन शिव्या घातल्या असत्या. तुला काय घालू?

उत्तर दे. आणि "गोडुली" म्हणू नकोस.

व्लास्ता


मॉस्को, २८ डिसेंबर १९९१

व्लास्ता,

तीन दिवसांपूर्वी आमचा झेंडा उतरला. मी हे पत्र कुठल्या देशातून लिहितेय तेही मला नीट सांगता येत नाही. तू मात्र झबल्यांबद्दल विचारतेस.

हो. सैल होती. गाउनचं फ्लॅनेल धुतल्यावर ताणलं गेलं आणि मला पुन्हा शिवायला वेळ मिळाला नाही. अर्कादीनं सांगितलं तेव्हा खोलीत सगळे टाळ्या वाजवत होते. म्हातारा माझ्याकडे बघत होता. मी काय म्हणायला हवं होतं? "थांबा, माझी झबली फसली"? त्याच संध्याकाळी माझ्या विभागातल्या आम्ही तिघीजणी रस्त्यावर आलो असतो. कुठल्या रस्त्यावर? जिथे प्राध्यापक बायका आगगाडीच्या स्टेशनाबाहेर मोजे विकतायत त्या. तुझ्याकडे कळप बंद होतो, आमच्याकडे माणसं बंद होतात.

आणि तूच लिहिलं होतंस ना, पिल्लं उपाशी ठेवावी लागली तर भोकाड पसरीन म्हणून? मी तुला त्यातून वाचवलं. तुझी सगळी पिल्लं पोट भरून गेली. ह्याचं काहीच नाही?

मी एकच शब्द खोटा लिहिला. "खाताहेत." बाकी सगळं खरं होतं, ऊब, ओल, हवा, बटव्याचे आकडे, सगळं. आणि मला वाटलं होतं, थोडं तरी खातील. उद्या खातील. मग उद्या झालं आणि नाही खाल्लं, तोवर तुझ्या पिल्लांनी खाल्लं होतं. मागे कसं जायचं?

तू सही केलीस. तुला शंका होती, तरी केलीस. माझ्यावर विश्वास ठेवून केलीस असं म्हणशील, पण समितीपुढे तुला हातात काहीतरी हवं होतंच ना?

मी फेब्रुवारीत निघतेय. राग ओसरला की लिही.

रिम्मा


सेनेत्स, २ एप्रिल १९९२

रिम्मा,

माझी सही मी तुझ्या शब्दावर केली, समितीसाठी नाही. हे एवढंच, बाकीच्या तुझ्या रडगाण्याला मी उत्तर देत नाही. आणि माझं वाक्य पुन्हा वाच. "भोकाड पसरीन, पण ठेवीन," असं होतं ते. तू अर्धंच लक्षात ठेवलंस, तुला सोयीचं तेवढं.

तर मी ठेवली. कळप अजून पुरता विकला नाही. मी त्यातली शेवटची अंडी उबवायला घातली. तीच ऊब, तोच ट्रक, तीच थंड रात्र. झबलीही शिवली, तुझ्यासारखीच सैल. पिल्लं निघाली आणि मी त्यांना दाणा दिला नाही. अर्कादी स्तेपानोविचनी एकाला भरवले तेवढे चार दाणे मीही एकाला भरवले, बाकीच्यांना काही नाही. ती कशी ओरडतात, तुला माहीत नाही, कारण तू ऐकलं नाहीस. मी त्याच खोलीत बसून राहिले. दुसऱ्या दिवशी ती हात दिसला की चोच वासून झबल्यातच धडपडायला लागली. मी हात पाठीमागे नेला. तिसऱ्या दिवशी ओरडायची थांबली, ते जास्त वाईट होतं. हावरान दारात येऊन म्हणाला, "व्लास्ता, हे काय चालवलंयस? कशासाठी?" मी म्हटलं, "गेल्या वर्षीचं काम राहिलं होतं." चौथ्या दिवशी औषधात घातली.

आता ऐक. मला वाटलं होतं, दोन्हीकडचे बटवे सारखे निघतील. सारखे निघाले की उपासाचा दोष उपासाला, आणि मी दहा वर्षं खरं बोलत होते हे सिद्ध. मी मनातल्या मनात तुला द्यायची उत्तरंसुद्धा तयार ठेवली होती.

सारखे नाहीत. माझ्या उपाशी पिल्लांचा बटवा आटला आहे, पुष्कळ आटला आहे. पण तुझ्या पिल्लांइतका नाही. तू पाठवलेले तुकडे मी पुन्हा काढून मोजले, तीनदा मोजले, दुसऱ्याकडूनही मोजवून घेतले. पोटभर खाल्लेली आणि तुझी वरची, ह्यांच्या मध्ये कुठेतरी माझी उपाशी येतात. म्हणजे बराचसा फरक भुकेचा आहे. पण सगळा नाही. उरतो तो भुकेचा नाही, थंडीचा नाही, ट्रकचा नाही. तो वरचाच असणार. थोडा आहे, पण आहे.

कळतंय का तुला? तुझंही खरं नव्हतं आणि माझंही नव्हतं. बटव्याला कळतं, रिम्मा. मी चुकले होते, आणि ह्या वेळी मला ते म्हणताना रडू आलं नाही. उलट मी खुर्चीवर बसले आणि किती तरी वेळ हसतच होते. कारण ही गोष्ट जगात कुणालाच ठाऊक नाही! तू त्या दिवशी एक शब्द खरा लिहिला असतास तर मी तेव्हाच माझी पिल्लं उपाशी ठेवली असती आणि हे वर्षापूर्वीच आपल्या दोघींच्या हातात आलं असतं. तुला अमेरिकाही मिळाली असती. खोटं बोलायची गरजच नव्हती गं, मूर्ख बाई!

सोबत नवा लेख आहे. त्यात झबल्यांचं सगळं लिहिलंय, जुन्या लेखातली तुलना चुकीची होती हेही लिहिलंय, आणि उरलेला फरकही. तुझं नाव पहिलं ठेवलंय, माझं दुसरं. मी तुला माफ केलेलं नाही. पण वरची पिल्लं तू सांभाळलीस, ते तुझं आहे. सही कर. तुझी सही असेल तर लोक विश्वास ठेवतील, की ज्यांनी चूक केली त्याच दोघी ती सुधारतायत. एकटी मी लिहिलं तर लोक म्हणतील, मैत्रिणी भांडल्या.

मी वाट बघतेय.

व्लास्ता


कॅलिफोर्निया, ११ जून १९९२

व्लास्ता,

लेख वाचला. काम तुझं नेहमीसारखंच स्वच्छ आहे.

मी सही करू शकत नाही. इथे मला त्या पहिल्या लेखावर बोलावलंय. माझा व्हिसा त्यावर आहे, माझी खोली त्यावर आहे, आई इथे माझ्याजवळ आली आहे तीही त्यावरच. तू समजून घेशील.

माझं नाव खोडून टाक. आणि तुझ्यासाठी म्हणून सांगते, तूही हा पाठवू नकोस.

रिम्मा


सेनेत्स, १२ जानेवारी १९९३

आदरणीय रिम्मा पाव्लोव्ना,

आपलं नववर्षाचं कार्ड मिळालं. त्यात आपण लिहिलंय, "व्लास्तिंका, आता तरी राग सोड, आपल्या दोघींचे देश गेले, आपण तरी राहू." आपलं म्हणणं बरोबर आहे. माझ्याही देशाचे ह्या एक तारखेला दोन झाले. पत्र नवीन टपाल तिकिटावर येतंय, ते आपल्याला ओळखू येणार नाही.

आपण विचारलं नाही, तरी कळवते. लेख मी पाठवला, आपलं नाव खोडून. संपादकांचं उत्तर फार सभ्य होतं. त्यांनी लिहिलं की जुन्या लेखातली तुलना चुकीची होती हे माझं निवेदन ते छापतील आणि तो लेख मागे घेतील. पण नवा प्रयोग छापता येणार नाही. जिने एकदा खोट्या तुलनेवर सही केली, तिच्या दुसऱ्या तुलनेवर विश्वास कशाच्या आधारे ठेवायचा, असं त्यांनी विचारलं. मी त्यांच्या जागी असते तर हेच विचारलं असतं. एकच माणूस माझ्या बाजूनं बोलू शकलं असतं, आणि त्या माणसानं नाव खोडायला सांगितलं होतं.

तुम्हाला तिथे त्याचा काय त्रास झाला किंवा झाला नाही, हे मला माहीत नाही आणि मी विचारतही नाही. तुमच्या मातोश्रींची प्रकृती चांगली असावी.

पहिल्यांदा मला वाटलं होतं, तुम्ही माझा विश्वासघात केलात. अजूनही वाटतं, रोज वाटतं, चहा करताना वाटतं. पण जास्त राग मला दुसऱ्याच गोष्टीचा येतो. इतकी वर्षं आपण एक गोष्ट शोधत होतो, ती होती आणि ती आपल्याला सापडली. आता कुणी तरी कधी तरी पुन्हा अंडी वर पाठवील आणि पहिल्यापासून सुरुवात करील, कारण त्यांच्या दृष्टीनं आपल्याला काहीच सापडलं नाही.

कळप नाताळाच्या आधी गेला. हॉटेलवाला स्वतः गाडी घेऊन आला होता.

वर जन्मलेल्या पिल्लाचा बटवा थोडा लहान राहतो, भुकेमुळे नाही, वर असल्यामुळे. आज हे जगात खात्रीनं दोनच माणसांना माहीत आहे, तुम्हाला आणि मला. आणि आपण आता एकमेकींना लिहिणार नाही.

आपली विश्वासू,
डॉ. व्लास्ता ग्रेगुशोवा